दीर्घ आजार आणि 'मी' : तुमचं काय बदललं?

कृष्णाकाठ

आरोग्य विभागात धागा काढतोय, पण हा पथ्यपाण्याचा किंवा औषधांचा धागा नाही. पोटॅशियम, क्रिएटिनिन, कुठला डॉक्टर चांगला, यावर इथे भरपूर लिहून झालंय. मला वेगळंच काही विचारायचंय. जमेल तसं मांडतो.

मी पाटबंधारे खात्यातला माणूस. शाखा अभियंता. बहुतेक नोकरी सांगली जिल्ह्यात झाली. कालव्याचं आवर्तन (पाण्याची पाळी) कधी सुटणार, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचलं का, रात्री कुणी गेट उचकटलं, कुणाची पाणीपट्टी थकली, यातच उमेदीची वर्षं गेली. घरातही मीच थोरला. भावकीत लग्न ठरलं की याद्या करायला मला पुढे बसवायचे. देण्याघेण्यावरून आवाज चढले की मी मध्ये पडायचो आणि बहुधा मिटायचं.

ऑगस्ट २०१९ चा महापूर ज्यांनी सांगलीत काढला त्यांना काही सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. तेव्हा पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्या आठवड्यात माझा फोन खाली ठेवायची सोय नव्हती. कोयनेतून किती सोडलंय? आयर्विनला किती फूट? गाडी वर काढू का? म्हशी सोडू का? मेव्हणा, शेजारी, शाळासोबती, कोपऱ्यावरची भाजीवाली, सगळे मलाच विचारत. मी 'हलवा' म्हटलं की लोक सामान हलवत होते.

पुढच्या वर्षी किडन्यांनी राम म्हटला. रक्तदाब आणि साखर, नेहमीची जोडी. हातात फिस्टुला केला, म्हणजे सुया टोचायला धमनी आणि शीर जोडून दिली, आणि आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास डायलिसिसचं, म्हणजे रक्त गाळायचं मशीन सुरू झालं.

जुलै २०२१ ला पुन्हा पूर आला. फोन तेवढाच वाजला. पण प्रश्न एकच: "डायलिसिसला कसे जाणार?" कुणी म्हणालं आधीच मिरजेला जाऊन राहा, कुणी बोटीची व्यवस्था करतो म्हणालं. सगळे मायेने बोलत होते, त्याबद्दल शब्द नाही. पण आयर्विनला किती फूट हे एकानेही विचारलं नाही. मी रजेवर होतो, नोकरी सुटली नव्हती. आकडे तेव्हाही तासातासाला बघत होतो.

गेल्या वर्षी पुतणीचं लग्न ठरलं. याद्या झाल्या त्या दिवशी मी घरीच होतो, मशीनचा दिवससुद्धा नव्हता. संध्याकाळी धाकटा भाऊ पेढे घेऊन आला. "दादा, तुला कशाला दगदग." पेढा मोडून अर्धा हातावर ठेवला, दुधाचा म्हणून.

पाण्याचं तर विचारूच नका. लघवी जवळजवळ बंद, त्यामुळे चहा, आमटी, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं धरून दिवसाला लिटरच्या आत राहायचं. बायकोने एका बाटलीवर नेलपॉलिशने खुणा केल्यात. सकाळी भरते आणि दुपारी कुठपर्यंत आली ते बघते. ज्याने धरणाच्या पाण्याचे टीएमसीत (अब्ज घनफुटांत) हिशेब केले त्याचं आवर्तन आता घरातून सुटतं, आणि टेलला पाणी पोचत नाही अशी ओरड करायची सोय नाही.

सेंटरवर मी 'चार नंबर'. बाहेर 'ते डायलिसिसवाले'. मला स्वतःला आतून फारसं वेगळं वाटत नाही. तेच विचार, तोच तापटपणा. पण ज्या गोष्टींसाठी लोक माझ्याकडे यायचे त्या एकेक करून काढून घेतल्या तर बाकी जे उरतं, तो मीच का? तुम्ही यातून गेला असाल तर लिहा. नव्या माणसाला आजाराबद्दल सांगता का, कधी सांगता, आणि सांगितल्यावर समोरचा कसा बदलतो, हेही लिहा.

---

सोनचाफा

वाचतेय. अर्ध्या पेढ्यापाशी थांबले.

---

निसर्गमित्र

काका, पुनर्नवा आणि गोखरूचा काढा तीन महिने घ्या. आमच्या ओळखीत एकाचं डायलिसिस पूर्ण सुटलं. मन खंबीर ठेवा.

---

मशीनवाला

मी डायलिसिस टेक्निशियन आहे, म्हणून वरच्या प्रतिसादावर आधी बोलतो. 'डायलिसिस सुटलं' या गोष्टी खोट्याच असतात असं नाही. सर्पदंश, गंभीर जंतुसंसर्ग, जुलाबाने अंगातलं पाणी गेलं, अशात किडनी अचानक बंद पडते आणि बऱ्याचदा परत चालूही होते. काकांचं तसं नाही. कायमची गेलेली किडनी काढ्याने येत नाही, आणि काढ्यातून पोटॅशियम वाढलं की हृदयाची लय बिघडते. अशा पेशंटला रात्री अपरात्री मशीनवर घ्यावं लागतं. कृपया असे सल्ले देऊ नका.

आता मूळ विषय. 'चार नंबर' आम्हीच म्हणतो, मान्य. "चार नंबरला क्रॅम्प" म्हटलं की धावायला सोपं जातं. पण एक सांगतो, आम्हाला पेशंट नंबरापलीकडे बराच कळतो. कोण दोन डायलिसिसच्या मध्ये लग्नात जेवून आलाय ते वजनकाट्यावर आधी कळतं. कोण सुई टोचताना टीव्हीकडे बघतो, कोण सुईकडेच टक लावून बघतो. पहिले काही महिने नवा पेशंट आपण आधी कोण होतो तेच सांगत असतो: मी पोलिसात होतो, माझा ट्रक होता, माझा बेदाण्याचा व्यापार होता. मग हळूहळू ते थांबतं. शिफ्ट जुनी झाली की त्यांची आपसात वेगळीच पत तयार होते. रिमोट कुणाकडे राहणार, एसी किती ठेवायचा, नव्याला धीर कोण देणार. आमच्याकडे एक रिक्षावाले आहेत, नवीन पेशंटच्या बायकोला योजनेचे कागद कुठे द्यायचे ते आमच्या काउंटरपेक्षा चांगलं सांगतात. महात्मा फुले योजनेतली अर्धी माणसं त्यांनीच मार्गी लावली असतील.

काका, तुम्ही तिथे काय करता? फक्त पडून राहता का?

---

अबोली

दादा, राग मानू नका. तुमचं पोटतिडकीने लिहिलेलं वाचलं आणि माझी तिडीक उठली.

मीसुद्धा मशीनवर आहे. सोलापूर. दोन मुलं, मोठा आठवीत. तुम्हाला कर्तेपण काढून घेतल्याचं वाईट वाटतंय. माझ्याकडून कुणी काहीही काढून घेतलेलं नाही. मशीनवरून उतरते तेव्हा पाय कापसाचे झालेले असतात, रिक्षात डोळे मिटून बसते, आणि घरी आले की पीठ मळायचं असतं. डॉक्टर म्हणाले फिस्टुलाच्या हाताने जड उचलू नका, भरलेली घागर तर नाहीच. मग घागर कुणी उचलायची ते त्यांनी सांगितलं नाही, आणि घरात कुणाला विचारावंसं वाटलं नाही. तुम्हाला 'दगदग नको' म्हणून खुर्ची मिळते. मला 'तेवढंच मन रमतं' म्हणून पोळपाट मिळतो.

आणखी एक. फिस्टुलाच्या हातात बांगडी चालत नाही, घड्याळसुद्धा नाही, नस दबते. तर माझ्या उजव्या हातात बांगड्या आणि डावा हात मोकळा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले की बायका आधी त्या हाताकडे बघतात, मग माझ्या कपाळाकडे बघून खात्री करून घेतात. सासूबाई म्हणतात, एक तरी घाल, बरं दिसत नाही. मनगटाच्या वर फुगलेली शीर आहे, बोट ठेवलं तर मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. ती थरथर बंद पडली तर सगळंच अवघड होईल, आणि घरात चर्चा बांगडीची.

ओळख बदलली म्हणाल तर मी पूर्वी कधी स्वतःचा असा विचारच केला नव्हता. ते चार तास मात्र माझे असतात. कुणी हाक मारत नाही. खरं सांगायचं तर लग्नानंतर पहिल्यांदा मी सलग चार तास बसते ती तिथेच. वाचनालयाची पुस्तकं नेते. हे बोलून दाखवलं तर लोक वेडी म्हणतील, म्हणून इथे लिहितेय.

किडनी देण्याचंही बघा. आमच्या सेंटरवर आईने मुलाला, बायकोने नवऱ्याला दिलेली बघितली. उलटं क्वचित. देशभरातही चित्र हेच आहे, जिवंत दात्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. माझ्यासाठी तपासणी करून घ्यायला आजवर फक्त माझी आई पुढे आली. तिला मधुमेह निघाला.

---

सोनचाफा

अबोली ताई, तुमचा वेगळा धागा काढा ना. खूप वाचायचंय तुमचं.

---

अबोली

वेळ मिळाला की. सध्या चार तासांत पुस्तक वाचायचं की मोबाईलवर टंकायचं हा वाद आहे, आणि टंकायला एकच हात मोकळा असतो.

---

आंबाडी

माझा आमवात. र्‍हुमॅटॉइड. ठाण्याहून रोज दादर, बारा-तेरा वर्षं झाली.

तुम्हा दोघांना निदान मशीन आहे. कुणाला दाखवता येतं. माझं बाहेरून काहीच दिसत नाही. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही, टूथपेस्टचं झाकण नवरा उघडून ठेवतो. आठच्या सुमारास मी इस्त्रीची कुर्ती घालून, लिपस्टिक लावून प्लॅटफॉर्मवर उभी असते तेव्हा अगदी ठणठणीत दिसते. लेडीज डब्यात बसायला मागितलं तर वरपासून खालपर्यंत बघतात. एकदा एकीने सरळ विचारलं, "कितवा महिना?" मी म्हटलं पाचवा. जागा मिळाली. त्यानंतर आठवडाभर त्या डब्यात चढले नाही.

लोकांना एक तर आजारी माणूस कळतो, नाही तर धडधाकट. माझ्यासारखी, जी सोमवारी पळत गाडी पकडते आणि बुधवारी जिना उतरताना कठड्याला लटकते, ती त्यांना खोटारडी वाटते. ऑफिसातही तेच. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी घेते, दुसऱ्या दिवशी मळमळतं, म्हणून ती शनिवारी रात्री घेते आणि रविवार घालवते. सोमवारी कुणी विचारलं 'संडे कसा गेला' तर 'मस्त' म्हणते. म्हणजे माझा आजार माझ्या सुट्टीत होतो आणि माझी तब्येत ऑफिसच्या वेळेत असते.

मूळ धाग्याबद्दल: एमए करताना मायकेल बरी या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाचा १९८२ चा निबंध अभ्यासाला होता, आमवाताच्याच रुग्णांच्या मुलाखतींवर आधारलेला. तेव्हा परीक्षेपुरता वाचला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की, असा आजार शरीरात शिरतो तसा आपण मनात धरलेल्या आयुष्याच्या आराखड्यातही शिरतो. पुढे काय होणार हे तर बदलतंच, शिवाय मागे काय झालं तेही माणूस पुन्हा उकरून बघतो: हे मलाच का, कशामुळे. पुढे मला हाच आजार होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं. झाल्यावर तो निबंध परत काढला. बरंच पटलं, पण त्यात झाकण उघडून ठेवणारा नवरा नाही.

---

खटपट्या

सगळ्यांचं वाचून वाईट वाटलं. पण मला वाटतं आजाराला आपली ओळख बनवणंच चूक आहे. 'मला आजार आहे' म्हणा, 'मी आजारी आहे' म्हणू नका. सकारात्मक विचार ठेवला की निम्मा आजार पळतो. आमचे एक बॉस कॅन्सर असून रोज जिमला यायचे.

---

पेन्सिल

खटपट्या, तुमचा हेतू चांगला आहे म्हणून शांतपणे लिहिते.

मला टाइप १ मधुमेह नऊ वर्षांची असताना झाला. आता सव्वीस. वर सगळे 'आधी मी कोण होतो' म्हणतायत, मला ते 'आधी' आठवतच नाही. आठवतो तो शाळेचा डबा, आणि डब्याआधी बाथरूममध्ये जाऊन घेतलेलं इन्शुलिन. मला तुम्ही 'आजाराला ओळख बनवू नकोस' म्हणालात तर मी नेमकं काय बाजूला काढून ठेवू? कुठल्याही गोष्टीत आकडे पटकन जुळवते, बॅगेत चार माणसांना पुरेल इतकं खायला असतं, अनोळखी जागी गेले की आधी कुठे काय मिळतं ते हेरते, हा माझा स्वभाव आहे की साखरेने लावलेली सवय? मलाच माहीत नाही, आणि आता ते शोधायची गरजही वाटत नाही.

सकारात्मक विचारांनी स्वादुपिंड इन्शुलिन बनवायला लागत नाही हो. शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच त्या पेशी मारल्यात. १९२२ च्या आधी, म्हणजे माणसाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं गेलं त्याच्या आधी, माझ्यासारख्या मुलांचं फार तर वर्ष-दोन वर्षं चालायचं. हिमतीत ती मुलं कमी होती म्हणून नव्हे.

आमच्याकडे गोंधळ वेगळाच आहे. मधुमेह म्हटलं की लोकांना साठीतले काका दिसतात. "इतक्या लहान वयात? गोड फार खायचीस का?" मग आईकडे बघतात. आई अजूनही त्या प्रश्नाला उत्तर देते, मी द्यायचं सोडलंय. दंडावर साखर मोजणारा सेन्सर असतो, बिनबाह्यांचा ड्रेस घातला की दिसतो. कॉलेजात झाकायचे. आता झाकत नाही, पण लग्नासाठी फोटो काढताना फोटोग्राफरने विचारलं, "मॅडम, हे एडिट करू?" आणि मी 'हो' म्हणाले. स्थळं बघायला लागल्यापासून माझ्या दोन बायोडाटा फाइल आहेत. एकीत आरोग्याची ओळ आहे, एकीत नाही. कुठली कुणाला जाते ते बाबा ठरवतात, यावरून घरात दर रविवारी भांडण.

---

झाडीपट्टी

पेन्सिल ताई, बायोडाट्याचं वाचून लिहावंसं वाटलं. आमच्या गडचिरोलीकडे याची वेगळीच तऱ्हा आहे.

मी सिकलसेलचा, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात त्या आनुवंशिक आजाराचा. एसएस. आश्रमशाळेत तपासणीची गाडी आली होती, तेव्हा कळलं. त्याआधी मी 'आळशी पोरगा' होतो. थंडीत, पाणी कमी पडलं की, ताप आला की हाडं अशी दुखायची की लोळायचो, आणि सर म्हणायचे नाटकं करते. कागद हातात आल्यावर पहिल्यांदा बरं वाटलं. मी आळशी नाही हे सरकारी शिक्क्यानिशी आलं. म्हणून मला 'आजाराचा शिक्का बसला' असं कोणी म्हटलं की पूर्ण पटत नाही. आधीचा शिक्का जास्त वाईट होता.

पण मग कार्ड आलं. एएस म्हणजे वाहक, आणि एसएस म्हणजे रोगी. आई-बाप दोघंही एएस असले तर दर बाळंतपणात मूल एसएस व्हायची शक्यता २५ टक्के. म्हणून लग्नाआधी दोघांचे कार्ड जुळवा असं सांगतात. २०२३ च्या जुलैत मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेलची देशभराची मोहीम सुरू झाली तेव्हापासून तपासण्या आणखी वाढल्या. सांगणं बरोबरच आहे, मी स्वतः गावात लोकांना समजावतो. पण झालं काय, माझी बहीण एएस आहे. तिला काहीही झालेलं नाही. धानाच्या रोवणीत दिवसभर चिखलात वाकून असते, माझ्यासारख्या दोघांचं काम एकटी करते. तिला बघायला आलेले लोक कार्ड बघून परत गेले. मुलाचं कार्ड बघायला आम्ही मागितलं तर म्हणे त्याची तपासणीच केली नाही, त्याला काय होते! नियम दोघांसाठी, तपासणी मुलीची.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, त्यात २१ प्रकार आहेत, सिकलसेल त्यात आहे. मी प्रमाणपत्र काढलं. टक्केवारी लिहिणाऱ्या डॉक्टरांनी मला चालून दाखवा म्हटलं. मी चाललो. त्या दिवशी मी ठीक होतो. दुखण्याचा दिवस असता तर मी तिथपर्यंत पोचलोच नसतो.

---

आंबाडी

चालून दाखवा! अगदी हेच.

---

सहप्रवासी

मी रुग्ण नाही, रुग्णाची बायको आहे. चालेल ना?

ह्यांना पार्किन्सन्स. निवृत्त संस्कृत शिक्षक, पुण्यात. हात थरथरतात एवढंच लोकांना माहीत असतं. पण या आजारात चेहऱ्याचे स्नायूही आखडतात, भाव उमटत नाहीत. आतून हसत असतात आणि चेहरा कोरा. नातू म्हणायचा, आजोबा रागावलेत. सोसायटीतले लोक बोलायचे थांबले, कारण सर आता ओळख दाखवत नाहीत. ज्या माणसाच्या वर्गात मुलं शेजारच्या वर्गापर्यंत ऐकू जाईल इतकी हसायची, त्याची ही कीर्ती.

अक्षरही आक्रसतं. ओळ सुरू होते तेव्हा बरं असतं, शेवटी मुंगीएवढं. त्याचा परिणाम असा की बँकेने सही जुळत नाही म्हणून चेक परत केला. दुसऱ्यांदाही. तिथल्या मुलीने, बिचारी सभ्यपणे बोलत होती, सुचवलं की अंगठा लावा, सोपं पडेल. नियमाने तशी सोय आहे हे मलाही माहीत आहे. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षं वह्या तपासून सह्या केलेला माणूस. अंगठा लावला नाही. घरी येऊन महिनाभर रोज पान-पान सहीचा सराव केला, तोही गोळीचा असर असेल त्या वेळात. मग नवी, सोपी सही बँकेत नोंदवून आले. पूर्वीच्या सहीत आडनावाचा मोठा फर्राटा होता, तो गेला. आता नुसती आद्याक्षरं आहेत.

कृष्णाकाठ, तुम्ही विचारलंत बाकी काय उरतं. मला रोज दिसतं ते सांगते: ह्यांचा हट्ट शाबूत आहे, आणि कुणी चुकीचा समास सोडवला की अजूनही झोपेतून उठून दुरुस्त करतात. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे कोऱ्या चेहऱ्याची सवय असलेली माणसं भेटतात. तिथे हे विनोद करतात, कारण तिथे कुणी चेहऱ्यावर हसू शोधत नाही. आणि माझं म्हणाल तर मला आता सगळे 'सरांची बायको' ऐवजी 'किती करतात हो त्या' म्हणतात. मी चित्रं काढायचे हे माझ्या सुनेलाही माहीत नाही.

---

दुसरी_खेळी

अबोली ताईंनी लिहिलंय त्या 'घेणाऱ्यां'पैकी मी एक. किडनी आईची. जुन्या दोन्ही जागेवर आहेत, नवी ओटीपोटात उजवीकडे बसवलीय, हात ठेवला तर लागते.

लोकांना वाटतं प्रत्यारोपण झालं म्हणजे बरा झाला, विषय संपला. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ बारा तासांच्या अंतराने टॅक्रोलिमसच्या गोळीचा गजर होतो, जन्मभर होणार. स्टेरॉइडने चेहरा गोल झाला होता. आधार केंद्रावर फोटो काढणाऱ्याने तीनदा जुनं कार्ड उलटसुलट करून बघितलं. आजारी म्हणावं तर मी क्रिकेट खेळतो, निरोगी म्हणावं तर गर्दीत मास्क लावल्याशिवाय जात नाही. आईला विचारलं की ती म्हणते, नऊ महिने सगळाच होतास, आता तर एकच किडनी दिलीय. मला यावर बोलता येत नाही. ती दमते, हे दिसतं. ती जिना चढताना थांबली की माझा हात आपोआप पोटाच्या उजव्या बाजूला जातो.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचं वाचलं. काही प्रतिसाद बायकोला मोठ्याने वाचून दाखवले. अबोली ताईंचा वाचला तेव्हा ती काही बोलली नाही, मात्र संध्याकाळी चहाचं भांडं मी घासलं तेव्हा नको म्हणाली नाही. राग कसला मानायचा ताई. खुर्ची मिळते हे खरंच आहे. ती पुरुषाला मिळते हे मी लक्षातच घेतलं नव्हतं.

झाडीपट्टी, त्या २१ प्रकारांत किडनी निकामी होणं येत नाही. म्हणजे सरकारदरबारी मी धडधाकट, तुम्ही दिव्यांग, आणि बांधावर उभे राहिलो तर तुम्ही मला हात द्याल. एसटीत मात्र आपल्या दोघांनाही सवलत आहे. कागद दाखवला की कंडक्टर हमखास मोठ्याने म्हणतो, "डायलिसिस का?" पुढच्या सीटवरची दोन डोकी वळतात. त्यातलं एक तरी विचारतं, किती वर्षं जगतं हो माणूस यावर? मी म्हणतो, तिकीट कुठपर्यंतचं काढलंय तुम्ही? मग नाही विचारत.

सहप्रवासी, सरांची नवी सही मला फार आवडली.

मशीनवाला, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: बहुतेक वेळ पडूनच असतो. पण आमच्या शिफ्टला दोन नंबरवर एक द्राक्षवाले आहेत, तासगावचे. त्यांचं पाणीपट्टीचं एक जुनं प्रकरण अडलंय. कागद घेऊन आले होते. सुई लागल्यावर मी वाचून काढले, अर्ज चुकीच्या उपविभागाला गेलाय. त्यांना नवीन मसुदा सांगितला, त्यांच्या पोराने मोबाईलवर लिहून घेतला. हे तुम्ही विचारल्यावर लिहितोय, मला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

याद्यांचं भावाशी बोललो. जरा आवाज चढले. तो म्हणाला, तुला बोलावलं असतं आणि तिथे चक्कर आली असती तर? मी म्हटलं, तर चक्कर आलेला मोठा काका तिथे असता. अजून धुसफूस चालू आहे.

---

खटपट्या

पेन्सिल, तुमचं पटलं. बॉसचं उदाहरण मागे घेतो. ते जिमला यायचे, पण घरी काय होत होतं मला काय माहीत.

एक खरा प्रश्न: आमच्या कंपनीत मी मुलाखती घेतो. उमेदवाराने असं काही सांगावं अशी तुमची अपेक्षा असते का? विचारलं तर वाईट वाटतं, नाही विचारलं तर सोय करता येत नाही.

---

पेन्सिल

मुलाखतीत विचारू नका. कामासाठी लागणारी गोष्ट असेल, रात्रपाळी, फिरती, वजन उचलणं, तर ती सरळ सगळ्यांनाच सांगा, ज्याचं त्याला कळतं. मी ऑफर लेटर हातात पडल्यावर सांगते, आणि रुजू झाल्यावर शेजारी बसणाऱ्या दोघांना तरी सांगतेच, कारण साखर एकदम खाली गेली की मी बरळायला लागते आणि 'मी ठीक आहे' असंच म्हणत राहते. त्या वेळी माझं ऐकायचं नसतं, सरबत पाजायचं असतं. बेशुद्ध झाले तर तोंडात काही घालायचं नाही, दवाखाना गाठायचा.

विम्याच्या फॉर्मवर मात्र काहीही लपवू नका, कुणीच. स्वतःचा विमा काढताना जुना आजार लिहिला नाही तर पुढे क्लेम नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं. कंपनीच्या गटविम्यात बहुतेक वेळा जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात, तरी एचआरकडून पॉलिसीचा कागद मागून वाचा.

आंबाडी, तुम्ही ऑफिसात सांगितलंय का कुणाला?

---

आंबाडी

एकीला. ती रविवारी रात्री 'जमलं का काही खायला?' एवढाच मेसेज टाकते. सोमवारी आम्ही दोघी सगळ्यांना 'मस्त' सांगतो.